पंखावरची बोटभर फट

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, वडिलांना, अप्पांना, ते वारेपर्यंत नाही. रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसतो, तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. दिलीपचं ग्लायडर जमिनीवरून सुटलं त्या दुपारी त्याच्या पंखाचं टोक माझ्या हातात होतं, आणि त्या पंखावरची एक पट्टी बोटभर वर उचललेली मला दिसली होती. दिसली म्हणजे नीट दिसली होती. ऊन डोळ्यांवर नव्हतं, धूळ उडत नव्हती. मी बोललो नाही. नंतर चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, सगळं बंद होतं, सर.

एवढं लिहायला मला तीसेक वर्षं लागली. वाटलं होतं, लिहिल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालेलं नाही.

वैशाख लागला की आमच्या नेकनूरच्या पेठेत दुपारी माणूस दिसत नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी पेंडीच्या पोत्यांना टेकून बसतो. रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत वावटळ उठते. आधी एखादं पान जमिनीलगत गिरकी घेतं, मग कागद, गुटख्याच्या पुड्या, कॅरीबॅग, कडब्याची चिपाडं, असं सगळं गोल फिरत वर निघतं. समोरचा टेलर तोंडावर रुमाल धरतो. एखादं चुकार गिऱ्हाईक आत येत म्हणतं, "लई तापायलंय ओ." मी हो म्हणतो, पण माझी नजर तोवर वर गेलेली असते. कॅरीबॅग किती उंच गेली, कुठल्या अंगाला सरकली, तिच्यावर घार आहे का. घार असतेच. पंख न हलवता, आळसात बसल्यासारखी, एका अदृश्य जिन्यावरून ती गोल गोल वर चाललेली असते.

ज्यानं एकदा ग्लायडर उडवलं त्याला उन्हाळा इतरांसारखा दिसत नाही. लोकांच्या डोक्यावर ऊन पडतं. मला ते जमिनीवरून परत वर जाताना दिसतं. नांगरून टाकलेलं काळं रान, उघडा खडक, पत्र्याची शेड यांच्यावरून गरम हवेचे खांब उभे राहतात. त्यातला एक सापडला की इंजीन नसलेलं विमान तासन्‌तास वर राहू शकतं. हे मी शिकलो, आमच्याच पठारावर शिकलो, आणि त्याचा सरकारी परवाना अजून माझ्या कपाटात आहे. दुकानाच्या परवान्याखाली. वर्षातून एकदा दुकानाचा काढताना तोही हाताला लागतो. मी तो उघडत नाही.

ते दिवस वेगळेच होते. बीडच्या रस्त्याला एसटीडीचे पिवळे बूथ झाले होते. गावात एका माडीवर पहिली डिश बसली होती. आमच्या दुकानात परदेशी नावाच्या थंड पेयाच्या बाटल्या आल्या होत्या, आणि त्या थंड करायला आमच्याकडं फ्रिज नव्हता. माठाच्या पाण्यात ठेवायचो. आता आपलंही काहीतरी होणार, असं ज्याला त्याला वाटत होतं. त्या वाटण्याच्या भरात आमच्या भागातले मोठे जमीनदार पुढारी आबासाहेब यांनी पठारावरचा आपला पडीक माळ शहरातल्या एका ग्लायडिंग क्लबाला उन्हाळ्यापुरता दिला. उद्घाटनाला म्हणाले, "दिल्लीनं देशाचं दार उघडलं, मी माळाचं उघडतो. पोरांनो, उडा!" टाळ्या पडल्या. पोरांनी म्हणजे आम्ही दोघांनी नावं नोंदवली, दिलीपनं आणि मी. बाकीचे शिकणारे शहरातून आलेले.

लांबलचक गाड्यांवर पंख सुटे करून दोन ग्लायडरं आली, एक दोघांचं, एक एकट्याचं. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, आणि नाकात जाणारा रंगाचा तिखट वास. माळाच्या एका टोकाला ट्रकचं इंजीन बसवलेला मोठा रहाट, त्याला विंच म्हणायचे. त्याची लांब तार दुसऱ्या टोकाला ग्लायडरच्या पोटाला अडकवायची. रहाट जोरात फिरला की पतंग चढावा तसं ग्लायडर चढायचं. पुरेसं वर गेलं की तार सोडून द्यायची. मग तुम्ही आणि हवा.

बघायला गाव लोटायचं. एक म्हातारी मला रोज विचारायची, "पेट्रोल न्हाई, मंग हे चालतं कशावर रं?"

"हवेवर, मावशे."

"असंल बाबा. आमचे पुढारी बी तसलेच हायत."

अप्पा बघायला आले नाहीत. मी घरी आलो की एवढंच म्हणायचे, "उतरलास का? मग ती साखर फोडून ठेव."

दिलीप वडवणीचा. बीडच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. घरी शेती, पण त्याचा जीव विहिरीवरच्या मोटारींत. जळालेली मोटार नुसत्या वासावरून ओळखायचा, कुठली गुंडाळी गेली ते सांगायचा. उंच, ढेंगा टाकत चालणारा, तोंडाळ. मला 'वाण्या' म्हणायचा आणि मला त्याचा कधी राग आला नाही, निदान त्या उन्हाळ्यापर्यंत. मी मुळात कमी बोलणारा. तो बोलायचा, मी ऐकायचो. अशी आमची मैत्री चालायची.

शिकवायला पाठक सर होते, हवाई दलातून निवृत्त झालेले. टक्कल उन्हानं तांबारलेलं, शर्टाच्या खिशात कायम बडीशेप. त्यांनी आम्हाला आधी उडायला शिकवलं नाही, पंख धरायला शिकवलं. ग्लायडर एका चाकावर उभं असतं, म्हणून एक पंख जमिनीला टेकलेला राहतो. निघताना कोणीतरी टोक धरून तो सरळ उचलायचा आणि चार पावलं सोबत पळायचं. हा पंखधऱ्याच खरा मालक. तो आधी सगळ्या ग्लायडरवरून नजर फिरवतो, आभाळ मोकळं आहे का बघतो. मग मोकळा हात कमरेखाली हलवला की तिकडं रहाट तार ताणतो, आणि डोक्यावरून फिरवला की पूर्ण जोर लावतो. "आत बसलेल्याला स्वतःचे पंख पूर्ण दिसत नसतात," सर म्हणायचे. "ते तुम्हाला दिसतात. म्हणून तुमचा हात फिरल्याशिवाय काही हलत नाही."

आणि दुसरा नियम. माळावरच्या कोणीही, चहावाल्यानंसुद्धा, 'थांबा' म्हटलं की सगळं थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही.

तिसरी त्यांची पद्धत मी पुढं कुठंच पाहिली नाही. ऊन कललं, ग्लायडरं झाकली की लिंबाखाली सगळ्यांना गोल बसवायचे आणि प्रत्येकानं आज केलेली एक चूक मोठ्यानं सांगायची. स्वतःपासून सुरुवात करायचे. "आज मी दुसऱ्याच्या उड्डाणाची वेळ लिहायला विसरलो." मग पुढचा. चूक नाही म्हणणाऱ्याला सर म्हणायचे, "म्हणजे लक्षात आलेली नाही. बस, आठव." दिलीपला ही बैठक फार आवडायची. एकदा म्हणाला, "सर, म्या उतरताना घारीकडं बघत बसलो."

"तीही तुझ्याकडे बघत होती का?"

"न्हाई सर. ती तिच्या कामात व्हती."

चुकीवर हसायचं नाही असा सरांचाच दंडक, पण त्या दिवशी तेच आधी हसले.

मला चुका सांगताना कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. घरात तराजूमागं बसून वाढलेला मी. चुकलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, हे मला बाराखडीच्या आधी आलं होतं.

उडण्याबद्दल काय सांगू? समोरच्या काचेवर लाल लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. तो सरळ मागं वाहत असला की तुम्ही हवेतून नीट चालला आहात. तिरका झाला की पाय चुकतोय. एवढं महागाचं यंत्र आणि भरवसा वीतभर लोकरीवर. समोर दोन काचेच्या नळ्या, एकीत हिरवी गोळी, दुसरीत तांबडी. तांबडी वर आली की तुम्ही खाली चाललात. हिरवी उचलली की पाठीखाली कोणीतरी हात घातल्यासारखं वाटतं, आणि मग तो हात सुटू नये म्हणून वळत राहायचं, वळत राहायचं. दिलीपला ते गोळ्यांकडं न बघता कळायचं. तो म्हणायचा, "बसायच्या जागेला कळतं बे." मला बघावंच लागायचं. तो वरून जास्त वेळानं यायचा, मी लवकर यायचो. सर कोणाची तुलना करत नसत. ती मीच करायचो.

मेच्या शेवटी शेवटी, पाऊस आठ-दहा दिवसांवर आला असताना, सरांनी बैठकीत सांगितलं की परीक्षक एकच दिवस येणार आहेत. आम्हा दोघांपैकी यंदा एकाचंच नाव देता येईल, दुसऱ्याचं पुढच्या वर्षी. "दोघंही तयार आहात. अजून दोन-तीन दिवस बघतो."

दिलीप म्हणाला, "याचं द्या सर. याला दुकानात बसायचंय जल्मभर. मी पुढच्या साली बी हायच की."

तो मनापासून म्हणाला होता. मला तो उपकार लागला. पुढच्या वर्षी अप्पा मला सोडणार नव्हते, हे त्याला माहीत होतं. त्याला माहीत होतं याचाच मला राग आला.

दुसऱ्या दिवशी मी त्याचा पंख धरून उभा होतो आणि ओरडलो, "थांबा!" तारेला मला गाठ दिसली. सगळं थांबलं. दिलीपनं काच उघडून मान बाहेर काढली.

"कावून ओरडला बे?"

"तारेला गाठ आहे."

शहरातला एकजण बघून आला. वाळलेली बाभळीची काटकी तारेवर आडवी पडली होती. दिलीप म्हणाला, "वाण्याचं पोरगं हाय हे. सावलीचं बी वजन करतंय."

माळ हसला. सर म्हणाले, "बरोबर केलंस. दहा वेळा चुकीचं थांबवलंस तरी चालेल." पण त्या दिवशी मला नावच पडलं ते. "ए थांबा, चहा घे." "थांबा, जरा सरक." बैठकीत माझी पाळी आली तेव्हा कोणीतरी हळूच 'थांबा' म्हणालं आणि सरांनी डोळे वटारले. मी हसलो. हसायला हवं असतं म्हणून.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार.

एकट्याचं ग्लायडर. दिलीप आत बसलेला. सर तिकडं विंचपाशी गेलेले, इंजीन गरम होत होतं म्हणून. निघण्याआधी आतल्या माणसानं एकेक गोष्ट मोठ्यानं म्हणत, हात लावत तपासायची असते. दिलीप म्हणत होता, पट्टे, काटे, काच. त्यातच ब्रेक येतात. पंखांच्या वरच्या अंगाला आत दडवलेल्या पट्ट्या असतात. उतरताना त्या वर काढल्या की उंची झपाट्यानं जाते. डाव्या हाताशी निळी मूठ असते. ती पुढं ढकलून 'खट्' वाजेपर्यंत दाबायची, म्हणजे पट्ट्या आत कुलूपबंद होतात. खट् वाजलं नाही तर त्या जवळजवळ बंद दिसतात, पण वेग वाढला की हवा त्यांना ओढून बाहेर काढते.

दिलीप म्हणाला, "ब्रेक," आणि मूठ पुढं केली. आणि तेवढ्यात माझ्याकडं बघून हसला. "वाण्या, आज तरी ओरडू नको बे. आज हवा लई ग्वाड हाय." मग काच लावून घेतली.

मी पंख उचलला. टोकापासून पंखाच्या पाठीवरून नजर नेली, शिकवल्याप्रमाणं. मधोमध पट्टी बोटभर वर होती. खाली काळी सावलीची रेघ.

आता मला सगळं खरं लिहायचं आहे, म्हणून सांगतो. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मला पक्कं आठवतं. मला वाटलं, परत ओरडलो आणि परत काटकी निघाली तर? हे पहिलं. पण मी तिथं थांबलो नाही. दुसरं आलं ते असं, की ही काटकी नाही. हे खरंच उघडं आहे. तो थोडा वर जाईल, चढत नाही हे कळेल, तार सोडून समोरच उतरेल. सर बघतील. संध्याकाळी त्याला बैठकीत सांगावं लागेल, आणि नाव माझं जाईल. त्याला बोलणी बसावीत, एवढंच मला हवं होतं. त्याहून जास्त नको होतं. पण तेवढं मात्र हवं होतं.

मी हात कमरेखाली हलवला. तार ताणली. मी हात डोक्यावरून फिरवला.

चार पावलं पळालो. पंख हातातून सुटला तेव्हा हलका, जिवंत असल्यासारखा सुटला. ग्लायडरनं नाक वर केलं आणि दोन्ही पंखांवरच्या पट्ट्या एकदम उभ्या राहिल्या. ते चढेना. रहाटाचा आवाज ओढीला आला. दिलीपनं तार सोडली तेव्हा ते दोन-तीन लिंबांच्या उंचीवर असेल. नाक खाली गेलं, आणि मग ते तरंगलंच नाही. ओल्या पोत्यासारखं खाली आलं. आवाज फार मोठा नव्हता. लाकूड मोडल्याचा, आणि मग काही नाही. लांब कुठंतरी टिटवी ओरडत राहिली.

जीपमध्ये आडवी फळी टाकून त्याला अंबाजोगाईला नेलं. तो शुद्धीत होता. पायांना काही लागतच नाही म्हणत होता, म्हणजे बरंच आहे ना, असं विचारत होता.

त्या संध्याकाळीही सरांनी बैठक घेतली. मला वाटलं होतं घेणार नाहीत. ते म्हणाले, "आज तर बसायलाच हवं. माझी चूक, मी विंचकडे गेलो. कोणाला इथं उभं करून गेलो नाही." मग एकेकजण. तार ओढणारा रडला. म्हणाला, जोर आधी कमी करायला हवा होता. माझी पाळी आली. सगळे माझ्याकडं बघत होते असं मला वाटलं. कदाचित कोणी बघतही नसेल. मी म्हणालो, "सर, मी पाण्याचा कॅन उन्हात ठेवला."

सरांनी मान हलवली. "ठीक आहे. पुढे."

चौकशीचे साहेब आले, दोन प्रश्न विचारून झाल्यावर तिसरा तो आला. "पंख तुम्ही धरलात. ब्रेक बंद होते?"

"बंद होते, सर."

"खात्रीनं?"

"हो सर."

मग त्यांनी त्यावरून पुढचं ताडलं. जमिनीवर बंद होते, हवेत उघडे सापडले. म्हणजे वैमानिकानं तार सोडायच्या गडबडीत त्यासाठीच्या पिवळ्या मुठीऐवजी ब्रेकची निळी ओढली. दोन्ही डाव्या हाताशीच असतात. असं होतं, नवख्यांकडून होतं. त्यांनी तसं लिहिलं. मी सही केली. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला वाटलं होतं, मी फक्त स्वतःला झाकतो आहे.

अंबाजोगाईला गेलो तेव्हा दिलीप पाठीवर सपाट झोपलेला, छताकडं बघत. मी आलो हे चपलांच्या आवाजावरून ओळखलं.

"शिवा, तू पंखाला व्हतास. बंद व्हते ना रं?"

तिथं सांगता आलं असतं. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. त्याची आई खाली डबा धुवायला गेली होती.

"होते," मी म्हणालो.

त्यानं मग डावा हात चादरीवरून उचलून डोळ्यांसमोर धरला, उलटा-पालटा करून बघितला, एखादी जळालेली मोटार बघावी तसा. "मंग म्याच वढला असंल. मला तर काय आठवत न्हाई बे. म्या पिवळीलाच हात घातलता असं वाटतंय. पण वाटून काय उपेग."

दोघांच्या ग्लायडरवर परीक्षा ठरल्या दिवशी झाली. नाव माझंच गेलं. दुसरं नाव उरलंच नव्हतं. परीक्षक शांत गृहस्थ होते. हे करा, ते करा, आता उतरा. मी सगळं बरोबर केलं. निघण्याआधी ब्रेक तीनदा दाबले. त्यांनी वहीत काहीतरी चांगलं टिपून घेतलं असावं.

आणि मग सर म्हणाले, आभाळ छान आहे, एक चक्कर मोकळी मारून ये. एकटा जा.

हे लिहायला सगळ्यांत जड जातं आहे. त्या दुपारी मला हवेचा असा एक खांब सापडला की तसा पुन्हा कधी सापडला नाही. मांजरसुंब्याच्या घाटाच्या अंगाला, जळालेल्या रानावर. हिरवी गोळी नळीत वर जाऊन थांबली. राखेचा, शेणाचा, तापलेल्या मातीचा वास माझ्यासोबत वर आला. एक कोरडं पान काचेसमोरून वर गेलं. घार आली, माझ्या आतल्या बाजूनं वळत राहिली. तिचं डोकं इकडंतिकडं होत होतं, पिसं दिसत होती. वर वर हवा गार झाली. मेच्या दुपारी माझ्या अंगावर काटा आला. बिंदुसरेच्या तलावाचं पाणी खाली आरशाच्या तुकड्यासारखं. उत्तरेला लांब धुरकट उंचवटा, तो नारायणगड असावा असं मी ठरवून टाकलं. नुसता वाऱ्याचा सळसळता आवाज. आणि मी ओरडलो. आनंदानं, मोठ्यानं, एकटाच. दिलीपला पलंगाला खिळून आठवडाही झाला नव्हता आणि मी ओरडत होतो.

कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या दुपारी मन खात होतं. खात नव्हतं. उतरेपर्यंत दिलीप मला आठवलाही नाही. चाक जमिनीला लागलं, पंख हळूहळू कलून टेकला, आणि तो उचलायला पळत कोणी आलं नाही. नेहमी दिलीप यायचा.

परवाना पावसाळ्यात रजिस्टरनं आला. अप्पांनी तो दुकानात गिऱ्हाइकांना दाखवला. दोन दिवस साखरेच्या पोत्यावर उघडा ठेवला होता. पुढच्या उन्हाळ्यात क्लब आला नाही. आबासाहेबांनी माळावर खडी फोडायचं यंत्र बसवलं. मी पुन्हा उडालो नाही. लोक म्हणायचे, मित्राच्या दुःखानं सोडलं. मी ते तसंच राहू दिलं.

दिलीप दोन वर्षांनी काठीवर चालायला लागला. एक पाय अजून ओढतो, कमरेला पट्टा असतो. वडवणीला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, बाजाराच्या दिवशी गर्दी असते. आमचं जाणं-येणं आहे. म्हणजे मी जातो. दिवाळीला, संक्रांतीला. तो माझं येणं मैत्री समजतो.

या चैत्रात त्याच्या मुलीच्या, अश्विनीच्या बाळाचं बारसं होतं. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. बाया पाळण्यापाशी, आम्ही पुरुष ओसरीवर. अश्विनी बाळाला घेऊन बाहेर आली आणि बापापुढं धरलं. दिलीप खुर्चीत होता. उजवा हात मांडीवर, डावा खिशात. तो हात खिशात असतो हे मी पूर्वीही पाहिलं होतं. सवय असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"घ्या की बाबा. बारा दिवस झाले, एकदा बी घेतलं न्हाई."

"राहू दे. बघायलोय की मी."

"बघून काय? हातात घ्या."

"ह्या हाताचा भरवसा न्हाई पोरी. एक धरायला जाईन, भलतंच वढील."

आतून त्याची बायको, सुमनवहिनी म्हणाल्या, "झालं सुरू. अवो, सुनेला-जावयाला सांगून झालं, आता नातीला बी सांगा तुमच्या इमानाचं!" मग माझ्याकडं वळून, "भावजी, तुमीच समजवा. चालू मोटारीला डावा हात लावत न्हाईत, गाडी चालवत न्हाईत, ग्यासचं बटन पोरीकडून तपासून घेतात. अश्विनी लहान असताना हिला बी कदी दोन्ही हातांनी उचललं न्हाई ह्यांनी."

दिलीप हसला. तोच जुना तोंडाळ चेहरा. "अगं, लेखी हाय ते. सरकारी साहेबानं लिवून दिलंय, हा हात बिनभरवशाचा. सर्टिफिकट याला बी मिळालं, मला बी मिळालं." ओसरी हसली. मग तो म्हणाला, "दे, शिवाकडं दे तिला. त्याचा हात खात्रीचा. त्यानं पंख धरला की मी बिनघोर बसायचो आत."

अश्विनीनं बाळ माझ्या हातात दिलं. नको म्हणायला कारण नव्हतं. गरम, तेलानं माखलेलं, मुठी आवळलेलं. माझे हात कापत नव्हते. कापायला हवे होते. दिलीप नातीकडं मान वाकडी करून बघत होता, लांबून, खिशातला हात न काढता.

तिथंही मी बोललो नाही. बाळ परत दिलं, जेवलो, वहिनींनी बांधून दिलेले लाडू घेतले, एसटीत बसलो. घाट चढताना बाहेर वावटळी उठत होत्या. मोजत बसलो.

ब्रेकला खट् करायचं दिलीप विसरला, हे खरंच आहे. ते तो विसरला आणि ते त्याचं. पण त्याच्या डाव्या हातानं हवेत काहीही ओढलं नव्हतं. तो पिवळ्या मुठीलाच गेला होता. पट्टी खाली जमिनीवरच उघडी होती, ती मी पाहिली, आणि पाहूनही हात फिरवला. हे मला दिलीपला सांगायचं आहे; सुमनवहिनींच्या आणि अश्विनीच्या समोर, त्याच्या ओसरीवर, दिवसाउजेडी. त्यानंतर तो मला उंबऱ्यावर घेईल की नाही, हा त्याचा प्रश्न. त्याचा हात त्याला परत करणं माझ्याकडून राहिलेलं आहे. हे लिहितानाही राहिलेलंच आहे.